साहेबांची गाडी, राहीच्या हाती

केरू भुवड मुंबई सोडून कायमचा घरी आला तो एसटीने नाही, गाडी घेऊन आला. पांढरी, लांबलचक, मागे डिकी असलेली डिझेल गाडी. आमची वाडी संगमेश्वरहून देवरुखला जाताना आडबाजूला, चढावर आहे. तोवर इथे दोन रिक्षा, एक टेम्पो आणि मोटारसायकली एवढाच कारभार होता. गाडी अंगणात येऊन थांबली. केरूने ती लगेच बंद केली नाही, जरा वेळ तशीच चालू ठेवली. राही, त्याची बायको, भाताची मळणी टाकून पुढे आली.

"आता ही कुठं बांदायची? गोठ्यात?" ती म्हणाली.

"टर्बो थंड होऊ दे," केरू म्हणाला. राहीला त्यातलं काही कळलं नाही. ती परत मळणीला गेली.

गाडी केरूच्या साहेबांची. त्यांच्याकडे तो वीस-बावीस वर्षं ड्रायव्हर होता. साहेब म्हातारे झाले, मुलाकडे परदेशी जायला निघाले, तेव्हा गाडी त्यांनी केरूच्या नावावर करून दिली. जुनी गाडी घेणाऱ्याला एक धास्ती असते, आधीच्याने काय काय लपवलंय कोण जाणे. केरूला ती नव्हती. मालक साहेब असले तरी गाडी शोरूममधून बाहेर काढल्या दिवसापासून स्टिअरिंगवर हात केरूचेच होते. तिचा क्लच कधी बदलला, कुठला दरवाजा पावसात आत पाणी घेतो, थंडीत सकाळी चावी फिरवल्यावर किती थांबायचं, सगळं त्याला ठाऊक होतं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. वाडीतलं कोणी आजारी पडलं की केरू निघायचा. लग्नात नवरीही त्याच गाडीतून जायची. राही मात्र गाडीपासून चार हात लांबच असायची. नवरा मुंबईत असताना शेत, गुरं, मुलगी शमिका, सगळं तिने एकटीने ओढलं होतं. शमिका शिकून, लग्न होऊन कोल्हापूरला गेली. आता नवरा घरी आला, तर त्याचा अर्धा जीव त्या गाडीत. राही त्यावरून त्याला टोमणे मारी, पण ते प्रेमाचेच.

मग गाडीचा डावा आरसा अंगणाच्या दगडी गडग्याला लागून फुटला. नवा बसवला, तोही महिन्या-दोन महिन्यांत गेला.

"काय झालं वो?"

"काय नाय. उतार व्हता."

राहीने विषय वाढवला नाही. पण देवरुखच्या बाजारात, स्टँडजवळच्या वळणावर, ती त्याच्या शेजारी बसली होती. डावीकडून एक म्हातारी पाटी घेऊन रस्ता ओलांडायला आली. राहीला ती स्पष्ट दिसत होती. केरूने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.

"अवो, बाय! बाय हाय!" राही किंचाळली.

केरूने करकचून ब्रेक दाबला. म्हातारीच्या डोक्यावरची पाटी खाली पडली, आंबाडे रस्ताभर झाले. तिला काही लागलं नव्हतं. राहीने उतरून आंबाडे गोळा करून दिले, म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या आणि परत आली. केरू गाडी बाजूला लावून बसला होता.

"राही, ती मला दिसलीच नाय."

"बगितलं नसेल तुमी."

"बगत व्हतो गो. डावीकडचं कायच दिसत नाय मला. लय दिवस झाले."

त्याने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरने डोळ्यांची तक्रार कोणाला सांगायची? रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे, दर थोड्या महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि गाडी चालवायची नाही.

गाडीवर ताडपत्री पडली. केरू ओटीवर बसून राहू लागला. कोणी गाडीचं नाव काढलं तर उठून आत जायचा. त्या पावसात उंदरांनी बॉनेटमधल्या वायरी कुरतडल्या, सीटवर बुरशी चढली, बॅटरी बसली. दिवाळीनंतर हायवेवरचा एक गाड्यांचा दलाल येऊन ताडपत्री उचलून बघून गेला. केरू द्यायला तयार होता.

राहीच्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं. आदल्या आठवड्यात रत्नागिरीहून येताना केरूला एसटीची शेवटची पायरी दिसली नव्हती. भर स्टँडवर तो गुडघ्यांवर पडला होता. हात द्यायला लोक धावले, तर त्याने सगळ्यांचे हात झिडकारले. घरी आल्यावर तो थेट आतल्या खोलीत जाऊन पडला होता.

"विकायची नाय," राही म्हणाली.

"मग चालवणार कोण?"

"मी."

केरू हसला असता तर कदाचित तिने विषय सोडून दिला असता. तो हसला नाही. उठून त्याने ताडपत्री बाजूला केली आणि म्हणाला, "पयली बॅटरी बगूया."

वाडीत मात्र लोक हसले. पन्नाशीला टेकलेली बाई देवरुखच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कॉलेजच्या पोरींबरोबर जाते म्हटल्यावर हसणारच. राही पहिल्या परीक्षेत नापास झाली, चढावर गाडी मागे गेली म्हणून. दुसऱ्यांदा पास झाली. पण स्कूलची गाडी छोटी, पेट्रोलवरची. आणि ही लांबलचक, जड क्लचची, वाकड्या रस्त्यावर पोट घासणारी. खरं शिक्षण झालं ते वाडीच्या वरच्या सड्यावर. तिथे मैलभर नुसता काळा कातळ. कोणाला धडकायची भीती नाही. केरू डाव्या सीटवर बसायचा, डोळे मिटून.

"तिसरा टाक."

"तुमाला कसं कळलं?"

"इंजिन वरडतंय. तू काट्याकडं नको बगू, आवाज ऐक."

"मी रस्ता बगू का आवाज ऐकू?"

"दोनी. भाकरी थापताना बोलतंस ना माज्याशी?"

कधी ती चिडून गाडी तिथेच बंद करून चालत घरी यायची. मग केरू एकटाच गाडीत बसून राहायचा. थोड्या वेळाने तीच परत जायची, कारण तो चालवून आणू शकत नव्हता. असं करता करता चार-सहा महिन्यांत तिचा हात बसला. स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, म्हणजे पोट घासत नाही. ओल्या जांभ्या मातीत ब्रेक मारायचा नाही, गिअर उतरवायचा. रत्नागिरीच्या फेऱ्या आता गाडीने होऊ लागल्या. वाडीतल्या हसणाऱ्यांपैकी पहिला गाडीत बसला तो आत्माराम गोताड. पोटात कळा येऊन तो तळमळत होता आणि दोन्ही रिक्षा बाहेर गेल्या होत्या. त्यानंतर कोणी हसलं नाही.

जुनी डिझेल गाडी सांभाळायची म्हणजे म्हशीसारखंच, रोज थोडं बघावं लागतं. राहीने ते अंगवळणी पाडून घेतलं. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचं बूच सैल करून साठलेलं पाणी काढायची. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पानं बांधायची. गाडी चार दिवस उभी राहिली तर मुद्दाम सड्यापर्यंत फिरवून आणायची. मोठी कामं संगमेश्वरला विनीतच्या गॅरेजमध्ये. विनीत तरुण, कामाला चोख. तो गाडी वर चढवायचा, केरू खाली स्टुलावर बसून ऐकायचा, आणि दोघांचा वाद रंगायचा.

"काका, बेअरिंग वाजतंय."

"बेअरिंग नाय रे, बुश हाय. वळणावर वाजतंय ते."

कधी विनीतचं खरं निघायचं, कधी केरूचं. राही चहा सांगायची. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला, सायलेन्सर गंजून गळून पडला तेव्हा नवा आला. एसी कधीच मेला होता, तो कोणी दुरुस्त केला नाही. आणि हळूहळू केरू परत बोलू लागला. आधी गाडीबद्दल, मग बाकीचंही.

पण नजर उतरतच होती. उजव्या डोळ्यावर सगळी भिस्त होती, आणि थेंबांनी त्याचा दाब आवरेना. ऑपरेशन केलं नाही तर हाही डोळा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. शमिकाने कोल्हापूरच्या इस्पितळात तारीख घेतली. तपासण्यांसाठी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं होतं.

पहाटेच निघाले. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागले. घाट राहीने पूर्वी दोनदाच चढला होता, तोही कोरड्या दिवसांत. आज धुकं होतं. अर्ध्या चढावर बॉनेटखाली काहीतरी फट्‌कन वाजलं आणि गाडीतला जोरच गेला. ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स असा आवाज, मागे काळा धूर, आणि गाडी बैलासारखी अडलेली. राहीने कशीबशी रुंद जागा बघून ती कठड्याकडेला घेतली, उतरून चाकामागे दगड लावला. फोनला रेंज नव्हती. बाजूने ट्रक घरघरत जात होते.

ती परत आत येऊन बसली आणि तिला रडूच आलं. "माज्याच्यानं नाय व्हायचं वो. तुमचा डोळा माज्यामुळं जायचा."

केरू शांत होता. इतका शांत तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "रड, पण एक काम कर. एकदा रेस दे."

तिने दिली. त्याने मान वाकडी करून ऐकलं.

"टर्बोचा हवेचा पाइप निसटला. इंजिनाला काय झालेलं नाय. बॉनेट उगड, थंड होऊ दे."

इंजिन हात लावण्याजोगं होईस्तोवर दोघं कठड्यावर बसली. तेवढ्यात कोल्हापूरकडे निघालेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "ताई, ओढून नेऊ का वर?"

"जरा थांबाल का? बगतो आमी, नाय झालं तर न्या," राही म्हणाली.

तो थांबला. केरूने बॉनेटखाली हात घातला. त्या धुक्यात डोळसालाही धड दिसत नव्हतं, त्याचं काय. पण बोटांनी चाचपत तो बरोबर पाइपाच्या तोंडाशी गेला. तोंडाची कड फाटली होती, म्हणून क्लिप धरत नव्हती. राहीने डिकीतून सुरी आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला. तो सांगत गेला तशी तिने फाटलेली कड कापून काढली, तेल पुसलं. त्याने दोन्ही हातांनी पाइप ताणून जागेवर दाबून धरला, आणि तिने क्लिप आवळली.

"अजून."

"आता फिरत नाय."

"मग बस झालं."

चावी फिरवली. रेस दिली. फुसफुस नाही. दगड काढून गाडी चढाला लावली, तशी तिने तिसऱ्या गिअरमध्येही सरळ जोर धरला. राहीच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. ट्रकवाला घाट संपेपर्यंत त्यांच्या मागे मागे राहिला. वर आल्यावर हॉर्न वाजवून पुढे गेला.

दुपारच्या आत ते पोचले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्रातून पाहिलं.

"दाब चांगला उतरलाय," बाई म्हणाल्या. "गेलंय ते येणार नाही. पण आहे तेवढं आता राहील, असं दिसतंय. तपासणीला मात्र येत राहायचं."

"म्हंजे दिसत राहील?" राहीने विचारलं.

"हो."

राही बाहेर येऊन बाकावर बसली. शमिका घाबरून मागे आली, आईचे खांदे हलत होते म्हणून. पण राही हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "भूक लागली गो," ती म्हणाली. दोन दिवसांत तिने धड काही खाल्लं नव्हतं. समोरच्या टपरीवर तिने चार वडे खाल्ले, आणि डब्यातून केरूसाठी नेले.

चार दिवसांनी परत निघाले. विनीतने फोनवरून सांगितलेल्या कोल्हापूरच्या गॅरेजात नवा पाइप बसवून घेतला होता. घाटात ऊन होतं. उतार सुरू झाला तशी राहीने गिअर उतरवला आणि केरू काय म्हणतो याची वाट पाहिली. तिने पाहिलं तर काळा चष्मा लावून, मान टाकून तो गाढ झोपला होता. सड्यावरच्या पहिल्या दिवसापासून तिच्या गाडीत तो कधी झोपला नव्हता. राहीने त्याच्या बाजूची काच वर केली, वारा लागू नये म्हणून, आणि साखरप्यापर्यंत एकही धक्का बसू न देता गाडी उतरवली.

यंदा गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली. आता भंगारात काढायला लावतात की काय, अशी सगळ्या वाडीला काळजी होती. राही आणि विनीत गाडी धुऊन-पुसून रत्नागिरीला आरटीओच्या तपासणीला घेऊन गेले. ब्रेक, दिवे, धूर, सगळं पाहिलं आणि आणखी पाच वर्षांसाठी पास केली. शमिकाने फोनवर विचारलं, "आई, आता तरी छोटी नवी घेऊया का?"

"पाच वर्षांनी बगू," राही म्हणाली. तिला घाई होती. आत्मारामच्या सुनेला देवरुखला तपासणीला न्यायचं होतं, आणि केरू कधीचा तयार होऊन गाडीत जाऊन बसला होता.