वाघ्याचा नैवेद्य

"यानं लघवी कधी केली?" मी आधी तेच विचारलं.

"कालपासून केलीच न्हाई बघा, डॉक्टरबाई," शांताक्का म्हणाल्या.

कोहिनूर गावात त्यांच्या ओसरीवर वाघ्या पडला होता. थोराड, तांबूस गावरान कुत्रा. अक्कांचा नवरा गेलेला, लेक पुण्यात. घरात त्या आणि वाघ्या, बस्स. त्याला उलट्या चालू होत्या, तोंडाला उग्र वास. मी जनावरांची डॉक्टर, हुलसूरकडची गावं फिरते. किडनी बसली की असा वास येतो.

"काय खाल्लं यानं?"

"रोजचंच. दूध-भाकर."

"उंदराचं औषध? फवारणीचं काही?"

"न्हाई ओ! लेकरावानी सांभाळायलाव त्याला."

सलाईन लावलं, लघवी सुटायचं इंजेक्शन दिलं. रक्त बिदरला पाठवलं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो बाहेर टाकते. कुत्र्याचं डायलिसिस इकडं कुठलं आलंय!

दुसऱ्या दिवशी गेले, तर अक्का चमच्यानं त्याला काळसर पाणी पाजत होत्या.

"अहो, हे काय पाजायलात?"

"मनुक्याचं पाणी. ताकद येतीय. बाळंतिणीला देतोत की."

मी वाटी बाजूला ओढली. "याआधी मनुके दिले होते?"

"तीन दिसांमागं चंपाषष्ठीला दिले की. मल्लण्णा देवाचा नैवेद्य आधी कुत्र्याला असतोय, कुत्रं त्याचंच की. रोडग्यासंगं शिरा केला, मनुके चांगले ओंजळभर घातले. लई आवडीनं खाल्ला."

"मग काल कामून सांगितलं नाही?"

"प्रसाद कुणी खाण्यात धरतंय व्हय, बाई?"

कपाळावर हात मारला मी. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं. आपल्याला त्याचं काही होत नाही, कुत्र्याची किडनी मात्र जाते. द्राक्ष वाळलं की ते आम्ल आणखी दाट होतं. हे सांगितलं, तसा अक्कांनी चमचा खाली ठेवला.

"म्हंजे माझ्या हातानं झालं?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, अक्का."

दुपारी त्यांच्या मांडीवरच वाघ्या गेला. अक्का रडल्या नाहीत. देव्हाऱ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "तुझ्याच नैवेद्यानं तुझंच कुत्रं नेलास व्हय रे?" मला इतका राग आला! पण कुणावर काढणार?

आता कुठंही गेले की "काय खाल्लं?" याच्या पाठोपाठ "प्रसाद काय दिला?" हेही विचारते. लोक हसतात. यंदा चंपाषष्ठीला अक्कांनी मनुक्यांशिवाय शिरा केला. ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि तसंच घेऊन आत गेल्या.