चष्मेवाल्या काकांचं विमान

चष्मेवाल्या काकांना वैमानिक व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले आणि मग जन्मभर दुसऱ्यांचे डोळे तपासत बसले. याचं त्यांना दुःख होतं का? छे. दुकान बंद करून घरी आले, हातपाय धुतले, की स्वारी थेट विमानात. विमान म्हणजे मागच्या खोलीतला कॉम्प्युटर. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, कारण जे उघडून आत बघता येत नाही ते काकांना घरात नको असे, आणि लिनक्सवर विमान उडवायचा एक खेळ. त्याला खेळ म्हटलेलं मात्र काकांना खपत नसे.

काकूंना विमानाची भयंकर धास्ती. लेक सातासमुद्रापार. तिला मुलगी झाली, त्या मुलीला दात आले, ती पावलं टाकू लागली, आणि हे सगळं काकूंनी फोनच्या काचेवर पाहिलं. लेक बोलावून बोलावून थकली. शेवटी एक दिवस काकू काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मला यात बसवून एकदा धड खाली उतरवून दाखवा. मग मी खऱ्यात बसते."

काका हरखले. पण घात केला जुन्या ग्राफिक्स कार्डाने. आकाशात सगळं झकास. धावपट्टी जवळ आली, घरं-झाडं दिसू लागली, की तेवढं चित्र काढणं त्याला झेपत नसे आणि पडदा काळाठिक्कर पडे. अगदी दर वेळी. काकू काकांचं कोपर घट्ट धरून विचारायच्या, "गेलो ना आपण?"

"आपण नाही गं, कार्ड गेलं."

"दिसत तर काहीच नाही. तुम्हाला कसं कळलं?"

झालं, नवं कार्ड घ्यायचं ठरलं.

आता लिनक्ससाठी कार्ड निवडणं म्हणजे डोक्याला ताप. खोक्यावर सगळीच गुणाची असतात; घरी आणल्यावर कळतं की या दोघांचं पटत नाही. काकांनी शक्कल लढवली. आपलं लिनक्स आणि आपलं विमान एका पेनड्राइव्हवर भरलं आणि कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

दुकानदाराने सगळ्यात भारी कार्ड पुढे केलं. तीन पंखे, आत रंगीबेरंगी दिवे.

"लावा," काका म्हणाले.

"इथेच?"

"मी चष्मा डोळ्याला लावून बघितल्याशिवाय देत नाही. तुम्ही तरी का द्यावं?"

बोलता बोलता काकांनी दुकानदाराच्या चष्म्याची वाकडी दांडी सरळ करून दिली. तो बिचारा नाही कसा म्हणणार? त्याने कार्ड लावलं. चित्र आलं ते जाडंभरडं, विमान धक्के खात चाललेलं.

"याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर, वेगळा भरावा लागतो. भरलात की पळेल."

"आणि उद्या लिनक्स अपडेट झालं की?"

"तेव्हा कधी कधी पुन्हा भरावा लागतो."

"पुढचं लावा," काका म्हणाले.

मग काकांच्या अंगात त्यांचं चष्म्याचं दुकानच संचारलं. एक कार्ड काढ, दुसरं घाल. "आता स्पष्ट, की मघाशी?" दुकानदार आधी वैतागला, मग त्याला चेव चढला. "मघाशी. नाही, थांबा. आता." माउस घ्यायला आलेला एकजण माउस विसरून पडद्यावरच्या डावीकडच्या झाडावर मत देऊ लागला. त्याच्या बायकोचं मत उलटं पडलं. सगळ्यात शेवटी खालच्या फळीवरचं एक कार्ड निघालं, एका पंख्याचं, ना दिवा ना रंग. "याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतोच," दुकानदार म्हणतोय तोवर पडद्यावर चित्र लख्ख उभं राहिलं, आणि काकांनी विचारायच्या आत अख्खं दुकान म्हणालं, "आता."

घरी येताना काका जवळजवळ धावतच होते. कार्ड बसलं, काकू बसल्या, विमान उडालं. आणि परत उतरताना काय सांगावं, धावपट्टीचे पांढरे पट्टे, दिवे, कडेचं गवतसुद्धा वाऱ्यावर डुलताना दिसत होतं. काकांचं देहभान हरपलं. "गवत बघ गं, गवत," ते म्हणत राहिले, आणि गवताच्या नादात चाकं बाहेर काढायची राहून गेली. विमान पोटावर घसरलं, ठिणग्या उडवत आडवं झालं आणि गवतात जाऊन थांबलं. ठिणगी न् ठिणगी स्वच्छ दिसली.

काकांचं तोंड एवढंसं झालं. "कार्ड चांगलं आहे," ते पुटपुटले. "मीच माती खाल्ली." नात आता फोनवरच मोठी होणार, हे त्यांनी धरूनच टाकलं.

काकू पडद्याकडे वाकून बघत होत्या. "थांबलं?"

"थांबलं."

"माणसं उतरतात का इथून?"

"उतरतात की."

"मग झालं तर." काकूंनी त्यांचं कोपर सोडलं. "मला आपटायची भीती नव्हती हो. तो काळोख व्हायचा ना, त्याची होती. पुढे काय झालं ते कळायचंच नाही. आज सगळं दिसलं."

"अगं, पण मी पोटावर उतरवलं."

"ते खरं विमान तुम्ही थोडेच चालवणार आहात?" काकू उठल्या. "लेकीला कळवा, येतोय म्हणून. आणि खिडकीशी मी बसणार."