गुण्याखालचा उजेड

शिरूरहून दौंडला जाणाऱ्या एसटीत एक तरुणी माझ्या शेजारी बसली होती. तिने पिशवीतून घरी कानसीने घासलेला लोखंडाचा चौकोनी तुकडा काढला, त्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवला आणि ते दोन्ही खिडकीसमोर धरले. मधून उजेडाची फट दिसली. तिने तुकडा ओढणीला पुसून पुन्हा धरला. फट तशीच.

"एकदम सपाट पायजे, दादा. उजेड दिसला की नापास," ती म्हणाली. अप्रेंटिसशिप संपवून ती फिटरच्या परीक्षेला निघाली होती.

"वर्षभर कारखान्यात शिकलात ना?"

"कुठलं! खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. नापास झाले की तेच काम हाय, कंत्राटावर."

माझं डोकं तापलं. "लेखी तक्रार करा. मी लिहून देतो."

ती हसली आणि रोजच्या कामाची वही माझ्या मांडीवर ठेवली. पानोपानी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आज कानसकाम केले.' खाली तिचीच सही.

"सायेब म्हणायचे, वही भरली न्हाई तर परीक्षेला बसता येणार न्हाई. आता कुणाविरुद्ध लिहिता?"

मी वही मिटून परत दिली. दौंड येईपर्यंत ती तो तुकडा फिरवून फिरवून खिडकीसमोर धरत होती. चारही बाजूंनी उजेड दिसत होता.