पूजेच्या आदल्या दिवशी आलेलं यंत्र

सल्लागार साहेबाने आमच्या गावाला फसवलं. सरकारी योजनेचा माणूस म्हणून तो आला, आमची शिंगाडे वाळवायची जागा घेऊन गेला आणि बदल्यात कुलूप लावलेली इमारत देऊन गेला. गावाच्या वतीने सौदा माझ्या तोंडून झाला होता, म्हणून माझा राग इतरांपेक्षा जास्त आहे.

मी शिंगाड्याचा व्यापारी. सुरुवात सायकलवर झाली. मागे पोतं बांधून गोंदियाच्या बाजारात जायचो, तिथले शेठ पोत्यात हात घालायचे आणि "माल गीला है, आगे जा" म्हणून हाकलायचे. माल गीला नसायचा, भाव पाडायचा असायचा. मग मीही पोतं उचलून चालू पडायला शिकलो. चार पावलं गेलं की मागून हाक यायची. पुढे बोलण्यात मला कोणी हरवल्याचं आठवत नाही. राग लवकर येतो हे खरं, पण सौद्याच्या वेळी मी तो खिशात ठेवतो.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या बाजूला, नागझिऱ्याच्या रस्त्यावर. गावच्या तलावात शिंगाड्याचे वेल असतात. डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत बसून माणसं शिंगाडे तोडतात. मग मोठ्या कढईत उकडायचे, तलावाच्या बांधाखाली, पाळीखालच्या मैदानात वाळवायचे आणि बायांनी एकेक फोडून आतला पांढरा गर काढायचा. त्याचं पीठ उपासाला चालतं. पाळीखालचं ते मैदान म्हणजे आमचा अर्धा धंदा. मुरमाची सपाट जमीन, शेणाने सारवलेली, तलावावरून येणारा वारा दिवसभर. तिथे शिंगाडा जसा वाळतो तसा दुसरीकडे वाळत नाही.

पोळ्याच्या सुमाराला साहेब पहिल्यांदा आला. तरुण होता, नम्र होता. जिल्ह्यात नवे उद्योग यावेत म्हणून सरकारने पैसा काढला आहे, म्हणाला. गावोगावच्या मालावर तिथेच प्रक्रिया, नवं यंत्र, सगळ्यांच्या वापराचं केंद्र. शिंगाडा फोडायचं यंत्र बसलं की बायांची बोटं सुटतील आणि पिठाची पाकिटं नागझिऱ्याचे पर्यटक घेऊन जातील. बोलणं वाईट नव्हतं. मला आजही ती योजना वाईट वाटत नाही.

माझ्या घरी त्याने चहा घेतला. माझी आत्या तिथेच बसली होती. फोडणाऱ्या बायांत तीच सगळ्यांत म्हातारी, आणि तोंडाची तिखट. त्याने तिला हंगाम कधी सुरू होतो, शिंगाड्याचे काटे बोटांना कसे लागतात, काय रीत असते, सगळं विचारलं. कोणी आपल्याला विचारतो म्हटल्यावर आत्या खुलली. पहिल्या डोंग्यातली टोपली पाळीवरच्या देवाला जाते, पहिला शिंगाडा तीच फोडते, हे तिने त्याला सांगितलं.

"त्याच्या आंधी नव्या शिंगाड्याले आमी सुरी नाई लावत, बाप्पा. तोंडातबी नाई टाकत," ती म्हणाली.

पूजा कोणत्या दिवशी, तेही त्याने विचारून घेतलं.

पुढे जागेची गोष्ट निघाली. योजनेला रस्त्याला लागून आणि पाण्याजवळ जागा हवी होती, म्हणजे वाळवणीचं मैदानच. मी बसलो सौद्याला. कामावर पहिला हक्क गावच्या बायांचा, हो. थ्री फेजची लाइन सरकारच्या खर्चाने, हो. वाळवायला इमारतीच्या गच्चीवर जागा आणि वर जायला रुंद जिना, हो. नळ, हो. एवढ्या पटापट हो म्हणणाऱ्या माणसासमोर मी एरवी थांबतो. त्या वेळी मला वाटलं, सरकारचा पैसा आहे, याच्या खिशातून काय जातं. तरी एक अट मी सोडली नाही. यंत्र आधी गावासमोर चालवून दाखवायचं, मगच जागा.

"काका, तुम्ही म्हणाल तेव्हा," तो म्हणाला.

पण तारीख त्याने ठरवली. पूजेच्या आदल्या दिवशी. चार दिवस थांबा म्हटलं, तर मुंबईहून अधिकारी येतायत, त्यांचा कार्यक्रम बदलता येत नाही, म्हणाला. टेम्पोत यंत्र आलं आणि यंत्राबरोबर एक पोतंही आलं. मी सवयीने पोत्यात हात घातला. शिंगाडे गुळगुळीत होते, काटे नव्हते. आमच्या तलावातल्या शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी शिंगासारखे कडक काटे असतात. वाळल्यावर पायात घुसले तर माणूस दोन दिवस लंगडतो. मी विचारलं, हा माल कुठला?

त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "बाहेरून आणला, काका. तुमच्या नव्या मालाला उद्याच्या पूजेआधी यंत्र लावणं बरोबर नाही. तुमच्या देवाचा मान ठेवायला हवा ना."

गाव खूश झालं. इतका शिकलेला माणूस आपली रीत पाळतो म्हणून आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मीही हात जोडले. यंत्र भराभर चाललं, एका बाजूला टरफल, दुसऱ्या बाजूला गर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच आठवड्यात ग्रामसभेने मैदान दिलं.

पुढच्या हंगामापर्यंत इमारत उभी झाली. आमचे शिंगाडे यंत्रात टाकले तसे काटे दात्यांत अडकले. ओढून काढले, पुन्हा टाकले, पुन्हा अडकले. जे बाहेर आले त्यात टरफल आणि गर यांचा भुगा. आत्या दारात उभी राहून बघत होती.

"बैल घेताना त्याचे दात पाहतेस ना गा तू?" ती मला म्हणाली. "मंग मशीनचे दात काऊन नाई पाहलेस?"

बाया हसल्या. मी हसलो नाही.

साहेबाला फोन केला. तांत्रिक माणसं येतील, म्हणाला. कोणी आलं नाही. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. गच्चीवर वाळवता येईल म्हणून मी जिना मागितला होता, तर जिना रुंद बांधला आणि गच्चीऐवजी वर उतरतं पत्र्याचं छप्पर टाकलं. तो जिना छपराशी जाऊन थांबतो. शेवटी केंद्राला कुलूप लागलं. दुसऱ्या एका जिल्ह्यात साहेब आमच्या इमारतीचा फोटो दाखवून नवं केंद्र मंजूर करून घेत होता, हे तिकडच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने मला सांगितलं.

आता आम्ही डांबरी रस्त्याच्या कडेला वाळवतो. काठी घेऊन आत्या बसते, गुरं हाकलते. मागच्या हंगामात जंगलाकडे जाणारी एक गाडी अर्ध्या वाळवणीवरून गेली आणि टायरमध्ये काटे घुसले. गाडीवाला उतरून भांडू लागला, रस्त्यावर कशाला घालता म्हणाला. आत्या उठलीही नाही.

"जागा सरकारनं नेली, बाप्पा. तूच सांग, कोठं वाळवू?"

टायर मी बदलून दिला. त्या हंगामाचा गर पिवळा पडला. ज्या शेठांना मी भाव शिकवला होता त्यांनी तो हातात घेऊन परत पोत्यात टाकला, आणि या वेळी ते खोटं बोलत नव्हते. फोडणाऱ्या बायांतल्या निम्म्या आता धानाच्या मिलमध्ये झाडायला जातात.

मी गोंदियाच्या कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी शांत होता. "चाचा, मशीन तो आपके गाँव के सामने ही चला के दिखाया था ना," म्हणाला. इमारत पाडता येत नाही, दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, हेही सांगितलं. माझा आवाज चढला. चपराशाने पाणी आणून ठेवलं, मी ते प्यायलो नाही.

लोक म्हणतात, तू पोत्यात हात घातलास, तुला दिसलं होतं, तू बोलायला हवं होतं. मी बोललो होतो. त्याने मला आमच्याच देवाचं नाव पुढे करून गप्प केलं. आमच्या पूजेचा दिवस आणि आमच्या शिंगाड्याचे काटे, दोन्ही माहीत असलेला माणूस नेमका पूजेच्या आदल्या दिवशी गुळगुळीत माल घेऊन येतो, याला मी योगायोग मानत नाही.

त्या साहेबाने, किंवा त्याला नेमणाऱ्या कार्यालयाने, आमच्या तलावावर यावं. पूजा झाल्यानंतर यावं. कुलूप उघडावं, आमच्या तलावातला शिंगाडा स्वतःच्या हाताने यंत्रात टाकावा आणि गावासमोर सांगावं की तो दिवस का निवडला. यंत्र चालत नसेल तर इमारत उचलून न्यावी. आणि तेही जमत नसेल, तर आमच्या बायांनी या हंगामात शिंगाडा कुठे वाळवायचा, ती जागा बोट दाखवून सांगावी.