मेलेल्या राक्षसाला लाथ

नातवाच्या गॅदरिंगला तोंडाला फासायच्या रंगाचा वास आला नि देवळापुढचं आमचं लहानपणचं नाटक आठवलं. मी राजा होतो. राक्षस मेला की त्याला लाथ मारायची, असं नाटकात होतं.

तालमीत मी मास्तरांना म्हटलं, "मेलेल्याला लाथ मारील तो राजा कसला? मी नाय मारणार."

"मग हो राक्षस!" मास्तर चिडले. माझा मुकुट राक्षस झालेल्या बाबल्याला गेला.

प्रयोगात मी मरून पडलो. बाबल्याने पाय उचलला, तशी पुढे बसलेली त्याची आजी ओरडली, "बाबल्या, मेलाय ना तो! आधी हातपाय सरळ कर त्याचे."

बाबल्या गुमान खाली बसला. माझे हात छातीवर ठेवले, अंगावर आपला शेला घातला. माझंच खरं झालं म्हणून शेल्याखाली मी गालात हसलो. आता वय झालंय. वाटतं, माझे हात कोणीतरी असेच नीट ठेवावेत.