नळाच्या वेळेवरचा जोडतारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: मी शोधलेला जोडतारा आकाशात कधी नव्हताच.

सरांनी मला आणि माझ्या मित्राला संशोधनासाठी एकच तारा दिला होता. तो फुगतो, आकसतो, त्यासरशी उजळतो आणि मंदावतो, अगदी ठरल्या वेळी. पण शेजारी न दिसणारा जोडीदार असला, तर फिरता फिरता तारा कधी आपल्यापासून लांब जातो, कधी जवळ येतो. मग उजेडही कधी उशिरा पोचतो, कधी लवकर. त्या फरकावरून कक्षा मोजायची. मी आमच्या नव्या वसाहतीतल्या गच्चीवरून वेळा घ्यायचो. मित्र धनगराच्या घरचा. तो सोयगावजवळच्या शेतातून घ्यायचा.

माझा तारा उन्हाळ्यात उशीर करायचा, पावसाळा सरला की वेळेवर यायचा. त्याचा मात्र बारमाही वेळेवर. मला शक आला. क्रांती चौकात चहा पिताना मी विचारलंच, "खरंच शेतात जातोस का रे, की घरी बसून आकडे पाडतोस?"

तो हसला. "काय राव! आम्ही मेंढरं मोजताना खोटं बोलत नाय, हा तर एकच तारा हाय. रेडिओवर बातम्यांआधी टिकटिक होते, तिच्यावरनं घड्याळ लावतो मी. तुमचं कशावरनं लावता?"

हा प्रश्न मला टोमणा वाटला. दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणालो, "त्याच्या वेळांवर भरवसा नको." सरांनी त्याच्या नोंदी बाजूला काढल्या. त्यानं ना भांडण केलं, ना खुलासा, संशोधनच सोडलं. ते गप्प बसणंही मी कबुलीच धरलं. उन्हाळ्यातल्या उशिरावरून मी ताऱ्याला जोडीदार आहे असं मांडलं, आणि माझा प्रबंध झाला.

पुढच्या दुष्काळात एकदा मी बससाठी धावपळ करत होतो. आई म्हणाली, "अरे, दमानं. ते घड्याळ पुढं आहे. उन्हाळ्यात नळ चुकू नये म्हणून मी दरवर्षी पुढं करते. पाऊस झाला की मागं."

 वीज गेली की गच्चीवरच्या, वेळा नोंदणाऱ्या जुन्या संगणकाची वेळ पुसली जायची, आणि मी ती जिन्यातून दिसणाऱ्या त्याच घड्याळावरून लावायचो. माझ्या जोडताऱ्याचा फेरा बरोबर एका वर्षाचा होता. मी मित्रावर संशय घेतला. फेरा इतका नेमका वर्षाचाच कसा, यावर घेतला नाही. सगळीकडे वेळेआधी पोचतो, याचं तर मला कौतुकच होतं.

तो मित्र आता शहागंजमध्ये दुकानात बसतो. मागं भेटला तेव्हा म्हणाला, "काय सर, आपला तारा बरा हाय ना?"

"बराय," म्हणालो, आणि उशीर झाल्यासारखं मनगटाकडं पाहिलं.

त्याच्या वेळा खऱ्या होत्या आणि माझ्या खोट्या. हे सरांना, त्याच्यासमोर, सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.