अक्षता कुणाच्या डोक्यावर

निम्म्या समया लखलखीत झाल्या होत्या आणि निम्म्या अजून दिवाळीच्या तेलानं काळ्या, चिकट होत्या. शकुकाकूंचे हात चिंचेच्या कोळात बुडालेले, पदर कमरेला खोचलेला. तेवढ्यात फाटकातून हाक आली.

"काकू, चला! सगळे आलेत. तुमच्यावाचून लग्न अडलंय!"

हाक मारणारा पुष्कर. कराडच्या सोमवार पेठेतली कॉलेजची मुलं-मुली जमवून त्यानं नाट्यमंडळ काढलं होतं, आणि यंदा तुळशीच्या लग्नाच्या दिवशीच, शाळेच्या सभागृहात, वृंदेच्या गोष्टीवरचं संगीत नाटक करायचं ठरवलं होतं. जालंदर राक्षसाची पतिव्रता बायको वृंदा, तिची पुढे तुळस झाली आणि तिचं श्रीकृष्णाशी लग्न लागलं, ही गोष्ट. शेवटचा प्रवेश लग्नाचा. त्यात मंगलाष्टकं म्हणायला शकुकाकूंशिवाय दुसरं कुणाचं नाव निघणार?

लोणंदपासून सांगलीपर्यंत कुठल्या ना कुठल्या मांडवात काकूंचा आवाज पोचलेला होता. नणंदेच्या लग्नात ठरवलेली बाई ऐन वेळी आली नाही, म्हणून नव्या नवरीसारख्या लाजत त्यांनी माईक हातात घेतला, तो आजतागायत खाली ठेवला नाही. पैसे घेत नसत. एक नारळ आणि खण. "देवानं गळा फुकट दिला, मी कशाला त्याचा भाव लावू?" म्हणत. मात्र त्यांचा एक नेम होता. अंतरपाट धरला की माईकवर हात ठेवून त्या नवरीच्या कानाशी वाकायच्या आणि हळूच विचारायच्या, "मनापासून ना?" नवरीनं मान हलवली की मगच पहिलं मंगलाष्टक. लोणंदच्या एका लग्नात नवरी गप्प राहिली, तर काकू घोटभर पाणी मागून खाली बसल्या होत्या. गुरुजी घड्याळ बघत होते, वरबाप घाम पुसत होता. शेवटी नवरीच हसून म्हणाली, "अहो काकू, मनापासूनच आहे. तोंडात विडा होता!"

तर अशा काकू हात धुऊन, उरलेल्या समया तशाच ठेवून तालमीला निघाल्या. नाटक परवावर आलं होतं.

सभागृहात रंग चढला होता. वृंदा झालेली अपेक्षा मूळची आटपाडीकडची. धनगराची पोर, इंजिनीअरिंगला कराडात आलेली. तिला वेळेवर भाकरी मिळावी म्हणून तिची आजी भामाबाई गाव सोडून तिच्याबरोबर भाड्याच्या खोलीत राहायला आली होती. अपेक्षाचा आवाज असा, की माळावरून हाक मारावी तर पलीकडच्या डोंगरानं ओ द्यावी. तो आवाज आजीचाच. तिच्या ओव्या ऐकत पोर मोठी झालेली. रोज तालमीला भामाबाई मागच्या खुर्चीवर येऊन बसायच्या आणि नातीचं गाणं आलं की खाली मान घालून डोळे पुसायच्या.

समोर कृष्ण म्हणून उभा होता शिवतेज. उंच, सावळा, मोरपीस लावलेला. मंडळातल्याच निमिषनं आणि मयूरीनं मध्ये अंतरपाट धरला. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. पेटी वाजली. काकू पुढे आल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, काही मनात नसताना, अपेक्षाच्या कानाशी वाकल्या.

"मनापासून ना?"

अपेक्षा गोंधळली. मग हसली, लाजली, आणि तिनं मान हलवली. नाटकातल्या नवरीनं हलवावी तशी नव्हे. सहज, आपसूक हलली.

एवढं मागच्या खुर्चीवरून दिसलं. भामाबाई उठल्या, तरातरा पुढे आल्या आणि नातीच्या मनगटाला धरून तिला अंतरपाटाबाहेर ओढलं.

"बास झालं. चल घरी."

"आगं आजी, नाटक हाय!" अपेक्षा आवाज चोरून म्हणाली. आजीशी बोलताना तिची बोली आपोआप गावाकडची व्हायची.

"नाटक रानात गेलं." भामाबाई काकूंकडे वळल्या. "आवं काकी, ही पोरं बारकी हायती, त्यांना काय कळतंय. तुमी तर कळत्या. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली, डोईवर अक्षता पडल्या, मग ऱ्हायलं काय लगीन व्हायचं? उद्या हिच्या बापाला मी काय सांगू? तुझी लेक शिकायला न्हेली आन् पंचक्रोशीम्होरं एकदा लावून बी टाकली म्हनून?"

"आजी, मी असं काही..." शिवतेज मोरपीस सावरत म्हणाला.

"तू गप रं गड्या. तुला कुनी इच्यारलं न्हाई."

निमिषला अशा वेळी हमखास काहीतरी सुचायचं. "सोपं आहे! लग्नाआधी स्टेजवरच अपेक्षा शिवतेजला राखी बांधेल."

शिवतेजचा चेहरा असा उतरला की मयूरीला हसू आवरेना. तिच्या हातून अंतरपाट सुटला.

पुष्करनं काकूंकडे पाहिलं. "काकू, तुम्हीच समजवा ना. तुमचं ऐकतील त्या."

काकूंना समजवता आलं असतं. पण समजवणार काय? भामाबाई जे बोलल्या तेच गेले चार दिवस त्यांच्याही मनात टोचत होतं. त्यांच्या मंगलाष्टकांनी आजवर लग्नंच लागली होती. खोटं लग्न लावायला त्यांची जीभ वळली नसती, आणि आज वळली तीही खऱ्यासारखीच.

"शेवटचं सावधान गाळू या," पुष्कर म्हणाला. "म्हणजे लग्न पूर्ण होणार नाही."

"अरे, अर्धवट मंगलाष्टक कुणी म्हणतं का? अपशकुन तो."

"मग मोबाइलवर रेकॉर्ड लावू."

"त्यात मंत्र बदलतात का?"

पुष्कर खाली बसला. अपेक्षा गेली तर वृंदा गेली, आणि वृंदा गेली तर नाटकच गेलं. दोन दिवसांत तिची पंधरा गाणी कोण पाठ करणार? भामाबाई तर नातीचा हात धरून दारापर्यंत पोचल्याही होत्या. अपेक्षानं मागे वळून काकूंकडे पाहिलं. ते बघणं काकूंच्या काळजात रुतलं.

घरी येऊन काकू पुन्हा समया घेऊन बसल्या. हात घासत होते, ओठांवर नाव रामाचं होतं, मन सभागृहात. त्यांचे यजमान हरिभाऊ पेपर घेऊन पायरीवर बसलेले. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी पेपरामागूनच तक्रार केली.

"तुमच्या नाटकापायी आमच्या तुळशीचं लग्न पौर्णिमेवर ढकललंत. दरवर्षी द्वादशीला लागतं. लेकीच्या लग्नाला असं करतं का कुणी?"

पोटी मुलगी नाही म्हणून लग्न झाल्यापासून दोघं दरवर्षी तुळशीचं कन्यादान करत. रस्ता रुंद झाला तेव्हा अंगणातलं वृंदावन गेलं, तेव्हापासून तुळस सिमेंटच्या कुंडीत होती. लग्नाला शेजारच्या चारदोन बायका यायच्या, चिरमुऱ्यांचा प्रसाद घेऊन जायच्या. मुलं नोकरीला लांब.

काकूंचा हात समईवर थांबला. त्यांनी परसात पाहिलं. कुंडीत तुळस उभी होती, मंजिऱ्यांनी वाकलेली, लग्नाच्या वयाची.

"अहो," त्या म्हणाल्या, "नवरी तर घरातच आहे की."

"म्हणजे?"

"म्हणजे परवा सभागृहात लागणार ते आपल्या तुळशीचं लग्न. खरंखुरं. मुहूर्तही तोच. आणि तुम्ही वधूपिते."

हरिभाऊंचा पेपर गळून पडला. "मी? स्टेजवर? शकुंतला, माझी कंबर..."

"भर गाडीत ओरडून तिकिटं फाडणारा माणूस तुम्ही. नुसतं पाटावर बसायचंय."

"गाडीत लोक माझ्याकडे पाठ करून बसायचे गं!"

काकूंना हसू फुटलं. तशाच ओल्या हातांनी त्या मागच्या गल्लीत गेल्या.

भामाबाई चुलीसारख्या धुमसत गॅसवर भाकरी भाजत होत्या. अपेक्षा कोपऱ्यात पुस्तक उलटं धरून बसली होती. काकूंनी सगळं सांगितलं. अंतरपाट तुळशीपुढे धरायचा. शिवतेजनं कृष्ण व्हायचं नाही, आमच्या देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण हातात धरून करवला व्हायचं. वृंदेची तुळस झाली की अपेक्षानं कुंडीमागे उभं राहून गायचं, करवली म्हणून.

भामाबाईंनी भाकरी उलटली. "म्हंजी लगीन तुळशीचं."

"तुळशीचंच."

"आन् खरं."

"खरं."

भाकरी फुगली. भामाबाईंनी ती दुरडीत ठेवली. "मग मामा कोन?"

"आमच्याकडे तुळशीमागे ऊस उभा करतात. ऊस तुळशीचा मामा."

"तुमच्या कृष्णाकाठाला ऊस सुचतोय. आमच्या माळावर कुटला आलाय? आमी जुंधळ्याचं हुबं ताट लावतो." त्या जराशा हसल्या. "ऊसबी ठिवा आन् जुंधळाबी ठिवा. येक मामा, येक मामी. पन मी सांगते काकी, पोरीच्या शेजारी मी सोता हुबी ऱ्हानार."

अपेक्षानं पुस्तक सरळ धरलं.

दुसऱ्या दिवशी पुष्करपुढे नवीच अडचण आली. सूर्य मावळल्यावर तुळशीला हात लावायचा नाही, हलवायचं तर मुळीच नाही, हा काकूंचा शब्द. म्हणजे कुंडी दिवसाउजेडी रंगमंचावर यायची, ती नाटक संपेपर्यंत तिथेच.

"काकू, पहिला अंक राक्षसाच्या दरबारात आहे. दरबारात तुळस?"

"असू दे की. वृंदा त्याचीच बायको ना? बाईच्या घरात तुळस असणारच. नवरा राक्षस असला म्हणून काय झालं?"

पुष्करनं कपाळाला हात लावला आणि सिंहासन डावीकडे सरकवलं.

द्वादशीची संध्याकाळ. सभागृह भरून बाहेर पायऱ्यांपर्यंत माणसं. रंगमंचाच्या मधोमध तुळस, गेरूनं रंगवलेली कुंडी, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, मातीत आवळा आणि चिंच. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला जोंधळ्याचं ताट. काकूंच्या घासलेल्या समया दोन्ही अंगांना तेवत होत्या. जालंदर झालेला मल्हार गडगडाटी हसत दरबारात येरझाऱ्या घालायचा, पण तुळशीजवळ आला की न चुकता वळसा घेऊन जायचा. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना तेच फार आवडलं. "राक्षस असून धर्म पाळतोय बघा," एकजण म्हणाले.

अपेक्षा गायली तेव्हा सभागृहात चिटपाखरू हललं नाही. वृंदेचा शोक तिनं आजीच्या ओवीच्या चालीवर घेतला होता. तो सूर आटपाडीच्या माळावरून आला आणि छतापर्यंत जाऊन थरथरत राहिला.

मग लग्न. हरिभाऊ धोतर नेसून, फेटा बांधून पाटावर बसले. आधी सारखे लोकांकडे बघत होते. पण तांब्यातलं पाणी हातावर घेतल्यावर ते कुणाकडेच बघेनासे झाले. फक्त तुळशीकडे. निमिष आणि मयूरीनं अंतरपाट धरला. पलीकडे शिवतेज, दोन्ही हातांत बाळकृष्ण. अलीकडे तुळस, तिच्यामागे अपेक्षा.

आणि विंगेतून भामाबाई आल्या. तालमीत असं काही ठरलं नव्हतं. ठाम पावलं टाकत त्या नातीच्या शेजारी उभ्या राहिल्या, लुगड्याचा पदर सोडवला आणि तिच्या डोक्यावर छत्रीसारखा धरला. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. टाळ्या पडल्या. भामाबाईंनी टाळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काकू माईकजवळ आल्या. माईकवर हात ठेवला, वाकल्या आणि तुळशीच्या मंजिरीपाशी तोंड नेऊन विचारलं, "मनापासून ना?"

पंख्याच्या वाऱ्यानं म्हणा, की आणखी कशानं म्हणा, मंजिरी हलली.

"राहे जी अमुच्या घरात तुळशी, लेकीपरी ती सदा..."

काकूंनी स्वतः रचलेली ओळ. पहिल्या शब्दाला पुढची रांग उठून उभी राहिली, मग मागची, मग सगळं सभागृह. कुणी सांगितलं नव्हतं. खऱ्या लग्नात उभं राहतात तशी माणसं उभी राहिली. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. सावधान म्हटल्याबरोबर चहूकडून अक्षता आल्या. हरिभाऊंच्या फेट्यावर, शिवतेजच्या खांद्यावर, उसावर, जोंधळ्यावर. भामाबाईंचा पदर तर सुपासारखा भरला. दरवर्षी चार बायकांत लागणाऱ्या लग्नाला आज अख्खी पेठ वऱ्हाडी होती. हरिभाऊंनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला आणि तो लपवायलाही विसरले.

पडदा पडल्यावर भामाबाईंनी पदर झटकला. "बघा काकी! येक दाना पडू दिला न्हाई पोरीवर."

"तुमच्यापुढे दाण्याची काय छाती आहे!" काकू म्हणाल्या.

त्यांनी अपेक्षाला जवळ घेतलं, गजरा सारखा करावा तसा हात तिच्या केसांवरून फिरवला, आणि कानामागे अडकलेली एकुलती एक अक्षता हळूच चिमटीत उचलून पदराच्या टोकाला बांधली. उगाच कशाला बोला. पलीकडे शिवतेज खांद्यावरचे तांदूळ झाडत होता. झाडता झाडता त्याचं लक्ष इकडेच होतं. तेही काकूंनी पाहिलं, आणि देवाच्या मनात असेल ते होईल म्हणून सोडून दिलं.

"तुळस घरी न्यायची ना?" पुष्करनं कुंडीला हात घालायची तयारी केली.

"अंधार पडलाय. राहू दे तिथेच. समई तेवढी तेवत ठेव आणि शिपाईमामांना सांगून ठेव."

"सासरी पहिली रात्र," हरिभाऊ म्हणाले. वधूपित्यानं जवळच्या समईत आणखी तेल घातलं.

सकाळी काकूंनी पूजा आटोपली, चहा ठेवला आणि कुंडीखाली अंथरायला पिशवीत रिकामं पोतं घातलं. रिक्षा सांगून सभागृहावर जायचं होतं आणि तुळशीची कुंडी घरी आणायची होती.